मधुमेहात हळद, मेथी, कारले घेताना या चुका टाळा

मार्केट यार्डातील हळदीचे सौदे, हळद साठवण्याची हरिपूरची पेवे आणि 2018 मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन यांमुळे सांगलीकरांचा हळदीवर विश्वास असणे स्वाभाविक आहे. घरात कुणाला मधुमेहाचे निदान झाले, की पहिला सल्ला हळदीचा येतो आणि त्यामागोमाग मेथी, कारले व जांभळाच्या बियांचा. हा सल्ला निराधार नाही. आज सर्वाधिक दिले जाणारे मेटफॉर्मिन हे औषध युरोपातील गॅलेगा या वनस्पतीतील गॅलेगीन या घटकाच्या अभ्यासातून पुढे आले. ते 1922 मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले आणि 1957 पासून रुग्णांसाठी वापरात आले. वनस्पतीतील घटक खरोखर औषधाचे काम करू शकतात; म्हणूनच मात्रा, वेळ, दुष्परिणाम आणि इतर गोळ्यांशी होणारी क्रिया हे नियम त्यांनाही लागू होतात. बहुतेक चुका हे नियम बाजूला ठेवल्यामुळे होतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे काढा सुरू केला म्हणून गोळी किंवा इन्सुलिन परस्पर बंद करणे. टाइप 1 मधुमेहात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही, त्यामुळे कोणतीही वनस्पती त्याची जागा घेऊ शकत नाही. इन्सुलिन थांबवल्यानंतर उलट्या, पोटदुखी आणि धाप लागू लागली, तर घरी वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

याच्या उलट चूक अधिक सर्रास घडते. गोळी चालू असते, त्यात कारल्याच्या रसाची भर पडते आणि डॉक्टरांना त्याचा पत्ता नसतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तिच्या जोडीला रिकाम्या पोटी रस घेतला आणि नाश्त्याला उशीर झाला, तर साखर खाली येण्याचा धोका वाढतो. हातपाय थरथरणे, घाम फुटणे, छातीत धडधडणे, बोलण्यात गोंधळ होणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी ग्लुकोमीटरवर 70 पेक्षा कमी आकडा दिसल्यास 15 ग्रॅम, म्हणजे साधारण 3 चहाचे चमचे, साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावे आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. येथे एक बारकावा अनेकांना ठाऊक नसतो. गोळीत व्होग्लिबोज असेल, तर साधी साखर पोटात सावकाश फुटते आणि अपेक्षित वेगाने उपयोगी पडत नाही. अशांनी ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी. रुग्ण बेशुद्ध असल्यास त्याच्या तोंडात काहीही घालू नये.

आता हळदीकडे वळू. हळदीतील महत्त्वाचा घटक कर्क्युमिन. पण हळदीच्या पुडीत त्याचे प्रमाण ढोबळमानाने 3 टक्क्यांच्या आसपास असते. थायलंडमधील 2012 च्या एका अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 240 जणांना 9 महिने कर्क्युमिनयुक्त किंवा औषधविरहित कॅप्सूल देण्यात आल्या. औषधविरहित गटातील 16.4 टक्के जणांना मधुमेह झाला, तर कर्क्युमिनच्या गटात तो कुणालाही झाला नाही. हा निष्कर्ष आशादायक आहे, परंतु तेथील रोजची मात्रा सुमारे दीड ग्रॅम होती आणि ती गाठायला चमचा-दोन चमचे हळद पुरत नाही. शिवाय ते लोक अद्याप मधुमेही नव्हते. म्हणून आमटी-भाजीतील हळद आनंदाने खावी, मात्र तिच्या भरवशावर उपचार ठरवू नयेत. जोरकस अर्काच्या कॅप्सूल हा वेगळा विषय आहे. काळी मिरीतील पिपेरिनमुळे कर्क्युमिनचे शोषण कित्येक पटींनी वाढते, पण त्याबरोबर इतर काही औषधांचे रक्तातील प्रमाणही बदलू शकते. अशा अर्कांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी व रक्त पातळ करण्याची गोळी चालू असणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि हळदीच्या दुधात गूळ घालू नये, कारण गूळ हा मुख्यतः साखरच आहे.

मेथीच्या बाबतीत भिजवलेले पाणी पिऊन दाणे टाकून देण्याची पद्धत उपयोगाची नाही. साखरेचे शोषण मंदावणारा बुळबुळीत तंतुमय भाग बहुतांशी दाण्यातच राहतो. दाणे चावून खावेत किंवा पूड करून घ्यावी, सुरुवात अर्ध्या चमच्याने करावी आणि पोट फुगल्यास प्रमाण कमी करावे. थायरॉइडची गोळी आणि मेथी एकाच वेळी घेऊ नयेत. गरोदर स्त्रियांनी मेथीची औषधी मात्रा टाळावी.

गुडमार या औषधी वेलीचे पान चावल्यावर साखर गोड लागत नाही, म्हणून रक्तातील साखरही उतरली असे समजणे चूक आहे. तो परिणाम जिभेपुरता असतो.

दुधीच्या रसाबाबत मी आग्रहाने सांगेन की फोड आधी चाखून पाहावी आणि कडू लागल्यास तो दुधी फेकून द्यावा, कारण त्यातील कुकुर्बिटासिन या विषारी घटकामुळे रक्ताच्या उलट्या व मृत्यूही झाले आहेत. कारल्याच्या रसात मिसळल्यास हा कडूपणा लक्षातच येत नाही, तेव्हा हे दोन रस एकत्र करू नयेत.

बाजारातील लेबल नसलेल्या चूर्णाने आठवड्यात साखर झपाट्याने उतरली, तर खूश होण्याऐवजी संशय घ्यावा. केवळ वनस्पतिजन्य म्हणून विकल्या गेलेल्या काही उत्पादनांत ग्लिबेनक्लामाइडसारखी ॲलोपॅथीची औषधे मिसळलेली आढळली आहेत. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींवर आपल्याकडे 1954 च्या कायद्याने बंदी आहे, हेही लक्षात असू द्यावे.

उपाय करूनही फरक दिसत नसेल, तर आधी पद्धत तपासावी. एका वेळी एकच वनस्पती सुरू करावी, तिची मात्रा व वेळ साखरेच्या नोंदीशेजारी वहीत लिहावी आणि सुरुवातीची एचबीए1सी चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा करावी, कारण ती रक्तातील साखरेची साधारण तेवढ्याच काळाची सरासरी दाखवते. त्याच वेळी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) आणि यकृताच्या चाचण्याही कराव्यात. आकडा हलला नसेल तर ती वनस्पती थांबवावी. उतरला असेल तर वही आणि पुडीचे वेष्टन घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि गोळीचा डोस कमी करायचा की नाही, हे त्यांनाच ठरवू द्यावे.