करवंटीतलं परीचं घर

नारळ फोडला की अर्धी करवंटी टाकू नका. कडा पॉलिश पेपरने घासा, दाराएवढी खाच मोठ्यांनीच करवतीने पाडा आणि खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंडीत ती पालथी ठेवा. एप्रिल-मेमध्ये मुंबईच्या फुटपाथांवर सोनमोहराचा पिवळा सडा पडतो. मूठभर पाकळ्या मुलांनाच वेचू द्या, तो परीचा गालिचा. उलटं धरलेलं जास्वंदीचं फूल म्हणजे तिचा झगा, आणि काय सुरेख दिसतो! चमकी मात्र नको, ते प्लास्टिकच. मातीतून निघत नाही. परी कुठून आली हे मुलांनाच सांगू द्या. आपण फक्त विचारायचं, "मग रात्री ती जेवते काय?" पावसाळ्यात करवंटी उताणी ठेवू नका, साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डेंग्यूचे डास तयार होतात.