पहिलटकरणीच्या आईचा नंबर आधी घ्या

नवीन एएनएम, म्हणजे गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या परिचारिका, झालेल्या मुली मला फोन करून विचारतात, ताई, उपकेंद्र मिळालं, आता गृहभेटीत काय सांभाळू? बारा आठवड्यांच्या आत नोंदणी, किमान चार तपासण्या, टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) इंजेक्शनं, हे तुम्ही पाठ करूनच आलेल्या आहात. ते मी परत सांगत बसत नाही. माझं जिथं चुकलं तेवढंच सांगते. अकरा वर्षं झाली, अजून ते मनातून जात नाही.

माझी पहिली नेमणूक यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीकडं. कापसाचा पट्टा. वेचणी सुरू झाली की दुपारी घराला कडी असते, म्हणून मी सकाळी सातच्या आत नाहीतर दिवे लागल्यावर जायची. एका घरी विशीतली पहिलटकरीण होती. नवव्या आठवड्यातच नोंद झालेली, अंगावर फार रक्त नव्हतं पण बाकी सगळं ठीक. सहा वेळा गेले तिच्याकडं. दर वेळी सासूला समोर बसवून धोक्याची लक्षणं सांगितली. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तोंडावर-हातावर सूज आली, छातीखाली पोटात दुखलं, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, तर घरी थांबायचं नाही. सासूला सगळं तोंडपाठ झालं होतं. माझी भेट म्हणजे नमुना, असंच मला वाटायचं.

सातव्या महिन्यात ओटी भरली, हातात हिरवा चुडा भरला आणि भाऊ येऊन तिला वणीकडं घेऊन गेला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच असतं आपल्याकडं.

आता हे नीट वाचा. मी शिकवलेलं सगळं राहिलं सासूजवळ आणि पोरगी गेली आईकडं. त्या आईला मी एकदाही भेटले नव्हते, फोनसुद्धा केला नव्हता. पोरगी स्वतः ऐकायची, पण सासूसमोर मान खाली घालून, त्यातलं तिच्या पोटात किती उतरलं ते मी कधी तपासलंच नाही. तपासण्यांच्या नोंदीचं कार्डही सोबत गेलं नाही. सरकारी मदतीच्या पैशांसाठी कागद लागतील म्हणून सासूनं ते लोखंडी पेटीत जपून ठेवलं होतं. तिकडच्या आशाताईला, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीला, पोरगी गावात आल्याचा पत्ता नाही. आणि मी रजिस्टरमध्ये 'माहेरी गेली' असं लिहून पान उलटलं.

पाच-सहा आठवड्यांनी तिला पहाटे झटके आले. १०८ नं दवाखान्यात नेलं, तिथं बीपी खूप वर, लघवीत प्रथिनं. मी भेटायला गेले तेव्हा आई पायरीवर बसलेली. म्हणाली, "मायेरी आली अन् पोरगी अंगानं भरली पा बाई. तोंड कसं गोल झालं होतं. मले वाटलं, माह्या हातचं खाऊन गुटगुटीत होऊन रायली." डोकं दुखतं म्हणाली तर तिनं बाम चोळला होता. तिच्या पदराच्या टोकाला हिरव्या काचेचे तुकडे बांधलेले होते. मनगटं इतकी सुजली की बांगड्या फोडून काढाव्या लागल्या होत्या. ओटीच्या त्याच बांगड्या.

पोरगी वाचली. बाळ एक किलो आठशे ग्रॅमचं, बरेच दिवस नवजात कक्षात होतं, तेही वाचलं. आता शाळेत जातं. हे मुद्दाम सांगते, कारण हे वाचून तुमची झोप उडावी असं मला वाटत नाही. पहिल्या खेपेला बीपी वाढण्याचा धोका जास्त असतो हे खरं, पण तो वेळेत दिसला तर उपाय आहेत. फक्त बघणारं माणूस तयार पाहिजे.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, नोंदणीच्याच दिवशी विचारा, "बाळंतपणाले कुठं जाशील?" आईचा नंबर कार्डावर लिहा. पाचव्या महिन्यापर्यंत त्या आईशी एकदा तरी स्वतः बोला. सणाला लेकीकडं येते तेव्हा गाठता आलं तर सोन्याहून पिवळं. पोरगी निघायच्या आधी पैशांच्या कागदांची झेरॉक्स सासूला करून द्या आणि मूळ कार्ड पोरीच्या पिशवीत स्वतः घाला. आरसीएच नंबर, म्हणजे गरोदरपणाच्या सरकारी नोंदणीचा नंबर, माहेरीही तोच चालतो. तिकडच्या आशाताईला फोन करा, आणि तिथल्या केंद्रातही दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते हे आईला सांगा. २०१६ पासून चालू आहे, तरी कित्येक घरांना वाटतं की आपलं नाव सासरी आहे म्हणून इथं बघणार नाहीत.

आईला लक्षणांची यादी ऐकवत बसू नका. मी आता बांगड्यांवरून सांगते. सातव्या महिन्यात भरलेला चुडा मनगटावर सैल फिरतो ना, तो रुतायला लागला की त्याच दिवशी बीपी मोजायचा. पायाला थोडी सूज बऱ्याच जणींना येते, तोंड आणि हात सुजले की थांबायचं नाही. मात्र सूज नसतानाही बीपी वाढतो, म्हणून बांगड्या फिरतात तरी तपासणी चुकवायची नाही, हे दोनदा सांगा. १४०/९० हा बीपीचा धोक्याचा आकडा आईच्या तोंडून वदवून घ्या.

गोळ्यांचं थोडक्यात. "घेतेस ना?" विचारलं की "हाव" येतं, त्याला काही अर्थ नाही. शौचाला काळं होतं का, ते विचारा. लोहाची गोळी पोटात जात असेल तर ती सांगेलच, आणि आधी सांगून ठेवलं तर घाबरून सोडणारही नाही. कॅल्शियम लोहासोबत नको, चहासोबत लोह नको. 'जास्त खाल्लं तर बाळ मोठं होऊन सिझर होते' असं म्हणणाऱ्या आजीशी वाद घालू नका, तिलाच विचारा जवसाची चटणी कशी करतात आणि पोरीच्या ताटात वाढायला लावा.

दिवसाला पंधरा गृहभेटी करते म्हणणाऱ्या सीनियरच्या मागं लागू नका. त्या भेटी उंबऱ्याबाहेरच संपतात. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवणं म्हणजे शिकवणंही नाही, मोबाईल नवऱ्याच्या खिशात असतो. मला खरं काम गावातल्या आशाताईनं शिकवलं. कोणत्या घरात कोणाचं चालतं, हे तिला विचारल्याशिवाय मी आजही पाऊल टाकत नाही.

सुरुवातीला एखादी आई फोन उचलणार नाही, एखादी वैतागेल. चालतं. परत करा.

परवा आठव्या महिन्यातल्या एका पोरीच्या आईला फोन लावला. माझा आवाज ऐकताच म्हणाली, "बाई, बांगड्या फिरून रायल्या. अन् काल आशाताईनं बीपी मोजला, ११०/७०." मी वहीत तिच्या नावापुढं आकडा लिहिला आणि पुढच्या माहेरी फोन लावला.