टेस्टमध्ये क्लास सापडत नाही? पॉमला (मेव्हनच्या सेटिंग फाइलला) हात लावण्याआधी

खानापूरकडे घरून काम करत असाल तर पावसाळ्यात पहिलं काम हे: लाइट आहे तोवर मेव्हनचं (जावा प्रोजेक्ट बांधणारं साधन) ‘व्हेरिफाय’ एकदा पूर्ण चालवून सगळ्या जार (लायब्ररीच्या फाइली) उतरवून ठेवा. नुसत्या ‘गो-ऑफलाइन’ या आधीच जार उतरवणाऱ्या कमांडवर विसंबू नका. शुअरफायर या टेस्ट चालवणाऱ्या प्लगइनचा जेयुनिट प्रोव्हायडर (जेयुनिटशी जोडणारी जार) टेस्ट चालताना ओढला जातो, तो त्यात येत नाही. मग लाइट गेली म्हटलं की पुण्याची मंडळी हसतात. जेडीके, डिस्कवरची जागा, हे सांगायला नको.

एरर शेवटपर्यंत वाचा. ‘क्लास नॉट फाउंड एक्सेप्शन’ म्हणजे नावाने मागितलेला क्लास मिळाला नाही. ‘नो क्लास डेफ फाउंड एरर’ म्हणजे कंपाइलला होता, चालवताना गायब. त्यातच ‘कुड नॉट इनिशियलाइझ’ दिसलं तर क्लास जागेवर आहे, त्याचा स्टॅटिक ब्लॉक (क्लास सुरू होताना चालणारा कोड) आधीच पडलाय. लॉगमध्ये वर जाऊन पहिला एक्सेप्शन शोधा, डिपेंडन्सी शोधत बसू नका.

आता खरं दुखणं. टेस्ट स्कोप, म्हणजे फक्त टेस्टपुरती लिहिलेली लायब्ररी, पुढच्या मॉड्यूलमध्ये जात नाही. समजा ‘कॉमन’ आणि ‘ऑर्डर’ ही एका प्रोजेक्टची दोन मॉड्यूल. ‘कॉमन’च्या टेस्ट क्लासेसची टेस्ट-जार केली, ‘ऑर्डर’ने ती घेतली. बेस क्लास आला, पण तो ज्या टेस्टकंटेनर्सवर चालतो ती लायब्ररी ‘कॉमन’मध्ये टेस्ट स्कोपला आहे, म्हणून आली नाही. कंपाइल बऱ्याचदा निमूट होतं आणि टेस्ट सुरू झाली की आपटते. ती लायब्ररी ‘ऑर्डर’च्या पॉममध्ये वेगळी लिहावी लागते. मागच्या खेपेला मी हेच सोडून बाकी सगळं केलं, व्हर्जनं खालीवर करत बसलो. लिहा बाबांनो, वेगळी लिहा! ‘प्रोव्हाइडेड’ स्कोपचंही (चालवताना सर्व्हर वगैरे देतो ती लायब्ररी) तसंच, तेही पुढे जात नाही.

डिपेंडन्सी ट्री (कोणती लायब्ररी कुठून आली त्याची यादी) काढा, पण जे मॉड्यूल पडतंय त्याचा. ‘कॉमन’च्या ट्रीमध्ये लायब्ररी दिसते म्हणून सुटकेचा श्वास सोडू नका, ‘ऑर्डर’च्या ट्रीमध्ये आहे का ते बघा. टेस्ट स्कोप, परत सांगतो. तिथे दोन व्हर्जनं भांडत असतील तर मेव्हन ट्रीमध्ये त्या मॉड्यूलला जवळचं घेतो, नवं नव्हे. जुन्यात तो क्लासच नसेल तर हाच एरर. आणि आयडीईत हिरवं दिसलं याला काही अर्थ नाही, कमांड लाइनवर चालवा.

एकच मॉड्यूल चालवताना ‘-एएम’ लावा (ते ज्यांवर अवलंबून आहे ती मॉड्यूलही बांधली जातात), नाहीतर लोकल रिपॉझिटरीतली शिळी जार घेईल. ती टेस्ट-जारही शिळीच असू शकते, आणि तिच्या टेस्ट स्कोपच्या लायब्ऱ्या... कळलं ना.

फेलसेफला (इंटिग्रेशन टेस्ट चालवणारं प्लगइन) ‘व्हेरिफाय’च द्या, ‘इंटिग्रेशन-टेस्ट’वर थांबलात तर निकाल तपासलाच जात नाही. स्प्रिंग बूटच्या रिपॅकेज केलेल्या जारमध्ये क्लास ‘बूट-इन्फ’खाली जातात, फेलसेफला तिथे सापडत नाहीत, रिपॅकेज केलेल्या जारच्या नावाला वेगळं शेपूट (क्लासिफायर) द्या. जावा ११ मधून, म्हणजे २०१८ पासून, जॅक्सबी (एक्सएमएल वाचायची-लिहायची लायब्ररी) काढून टाकलंय, वेगळं घ्या. पॅकेजचं नाव जुनं ‘जावाएक्स’ की नवं ‘जकार्ता’, बघा. मॉड्यूल-इन्फो (काय काय लागतं ते सांगणारी जावा फाइल) असेल तर ‘रिक्वायर्स’ तपासा, नाहीच जमलं तर शुअरफायर आणि फेलसेफमध्ये ‘यूज मॉड्यूल पाथ’ फॉल्स करा.