माणूस गेला, तरी त्याचा नंबर लगेच बंद करू नका

घरातलं माणूस अचानक गेलं की चार दिवसांत कोणीतरी सुचवतंच, "सिम बंद करून टाका, उगाच बिल कशाला भरायचं?" हा सल्ला सपशेल चुकीचा आहे. बँक, विमा, ईमेल, फोटो, सगळ्यांची कुलपं त्या एका नंबरवर येणाऱ्या ओटीपीने उघडतात. नंबर गेला की एरवी पाच मिनिटांत झालं असतं ते काम अर्ज आणि दाखल्यांच्या वाटेने महिनोन्‌महिने रेंगाळतं. म्हणून बाकी क्रम कसाही लागो, नंबर सगळ्यात शेवटी.

मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद तुम्ही जमवत आहातच, असं धरून पुढचं लिहिलं आहे. वारसांत वाद असेल तर मात्र फोनला हात लावण्याआधी वकिलाला विचारा.

१. फोन चार्जिंगला लावा

बंद पडू देऊ नका आणि रीस्टार्टही करू नका. कित्येक घरांत नवऱ्याच्या फोनवर बायकोच्या बोटाचा ठसाही नोंदवलेला असतो. पण बंद होऊन पुन्हा सुरू झालेला फोन ठसा घेत नाही, आधी पासकोडच मागतो. शिवाय लॉक उघडेपर्यंत त्याला संपर्क यादी वाचता येत नाही. फोन आला तर नाव न दिसता नुसता नंबर दिसतो, आणि कोणाला कळवायचं राहिलं तेही समजत नाही.

२. पासकोडचे अंदाज कागदावर लिहा, फोनवर नको

तीन-चार खात्रीचे आकडे करून बघा आणि थांबा. आयफोनमध्ये दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर सगळा डेटा पुसण्याची सोय असते. ती चालू आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. "लॉक काढून देतो" म्हणणाऱ्याकडे फोन देऊ नका. पासकोडशिवाय लॉक काढायचा म्हणजे बहुतेक वेळा फोन कोरा करायचा. लॉक निघतो, फोटो जातात.

३. नंबर जिवंत ठेवा

खरी गफलत इथेच होते, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

मासिक बिलाचा नंबर असेल तर ते बिल बहुधा गेलेल्या व्यक्तीच्याच कार्डातून आपोआप कापलं जात असतं. तुम्ही बँकेला मृत्यू कळवता, बँक खातं गोठवते, बिल थकतं आणि काही आठवड्यांनी नंबर तुटतो. कोणी काही चुकीचं केलेलं नसतं, फक्त क्रम उलटा पडलेला असतो. बँकेला कळवणं लांबवू नकाच, पण त्याच दिवशी, आधी, फोनचं बिल स्वतःच्या खात्यातून भरायची व्यवस्था करा. प्रीपेड असेल तर लांब मुदतीचं रिचार्ज मारा. फोटो साठवण्याच्या ऑनलाइन जागेचे पैसे त्याच कार्डातून जात असतील, तर तेही याच वेळी बघा.

फोन कंपनीशी बोलताना "बंद करायचंय" हा शब्द काढू नका. "वारसाच्या नावावर करायचा आहे, नंबर तोच हवा" एवढंच म्हणा. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. मग तुमच्या माणसाचे ओटीपी त्या अनोळखी माणसाला जातात. किमान एक वर्ष नंबर ठेवा, कारण विम्याच्या हप्त्यासारख्या गोष्टींची आठवण वर्षातून एकदाच येते.

फोन उघडत नसेल, तर सिम काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला. ओटीपी तिथे येतील. सिमने पिन मागितला तर अंदाज मारू नका. तीनदा चुकलात की सिम अडकतं आणि ते उघडणारा पुक क्रमांक लागतो. तो कंपनीकडून घ्या. पुक दहा वेळा चुकला तर ते सिम कायमचं निकामी होतं. ई-सिम (फोनमध्येच बसवलेलं डिजिटल सिम) काढता येत नाही, तेव्हा तो फोनच चालू ठेवावा लागतो. आणि नव्या फोनवर त्या नंबरने व्हॉट्सअॅप सुरू करू नका, जुन्या फोनवरचं लगेच बाहेर पडतं. व्हॉट्सअॅप १२० दिवस वापरलं नाही तर खातंही सहसा काढून टाकलं जातं, म्हणून जपायचे संदेश आणि फोटो त्याआधी उतरवून घ्या.

४. ईमेल

मेलबॉक्स उघडा असेल तर पासवर्ड बदलायची घाई करू नका. बदलला की दुसरी उपकरणं बाहेर पडतात आणि नव्याने पडताळणी सुरू होते. बिल, पॉलिसी, नूतनीकरण, पावती हे शब्द शोधा आणि यादी करा. यादीच करा. त्यांच्या नावाने आत शिरून पैसे वळवू नका, मग ते अंत्यविधीच्या खर्चासाठी का असेनात. मुखत्यारपत्राचा अधिकारही साधारणपणे मृत्यूबरोबर संपतो.

मेल उघडत नसेल तर गूगल कोणालाही पासवर्ड देत नाही, कागद दाखवून कंपनीकडेच विनंती करावी लागते. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं, तेव्हा ती विनंती पडून राहू देऊ नका. गेलेल्या व्यक्तीने गूगलमध्ये आधीच 'निष्क्रिय खातं' ही सोय लावली असेल तर ठरवलेल्या मुदतीनंतर, म्हणजे ३ ते १८ महिन्यांनी, नेमलेल्या माणसाला डेटा मिळतो. अॅपलमध्ये २०२१ पासून वारस संपर्क नेमता येतो; त्याला सांकेतिक किल्ली आणि मृत्यूचा दाखला दोन्ही लागतात. मंजुरीनंतर तीन वर्षं डेटा बघता येतो, पण साठवलेले पासवर्ड त्यातही मिळत नाहीत.

५. आपोआप कापले जाणारे पैसे

बँकेचा तेरा महिन्यांचा उतारा घ्या, बारा नव्हे. वार्षिक वर्गणीची तारीख दोन-चार दिवस पुढेमागे होते आणि बाराच महिने बघितले की नेमकी तीच निसटते.

६. फेसबुक

स्मृतिखातं, म्हणजे गेलेल्या व्यक्तीची आठवण म्हणून जपलेलं खातं, करून घ्यायला नातेवाईक उतावीळ असतात. थांबा. एकदा ते झालं की पासवर्ड माहीत असूनही कोणालाच आत जाता येत नाही. फेसबुकने लॉग-इन केलेली इतर खाती आधी आवरा.

निधनाच्या संदेशात पूर्ण जन्मतारीख आणि घरचा पत्ता घालू नका. "विम्याचे पैसे आलेत, ओटीपी सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या आणि पॉलिसीवर छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करा.

७. फोन कोरा करणं

आधी फोटोंच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी काढा आणि उघडून तपासा. फोनमध्ये ओटीपीचे आकडे बनवणारं अॅप असेल, तर त्यावर चालणारी खाती मिटेपर्यंत थांबा, ते आकडे बहुधा त्याच फोनपुरते असतात. मग सेटिंगमधून गूगल किंवा अॅपलचं खातं काढा आणि त्यानंतरच फोन पुसा. उलटं केलंत तर पुसलेला फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसतो आणि घरात कोणालाच वापरता येत नाही.

यादीतली शेवटची ओळ खोडली गेली की नंबर बंद करा. कुटुंबात कोणाला तो जपावासा वाटत असेल, तर त्याच्या नावावर करून घ्या.