लिंगाला ताठरता न येण्याचा त्रास आहे पण डॉक्टरकडं जायचं टळतंय? मग असं करा

सांगलीत माझं मेडिकल आहे, त्यामुळं हे गिऱ्हाईक मी लांबनंच ओळखतो. गाडी दुकानाच्या जरा पुढं लावणार, आधी ओआरएसचं पाकीट मागणार, दुकानातल्या बायका गेल्या की मोबाईलवर गोळीचा फोटो दाखवून हळूच "ही हाय का?" चिठ्ठी नसतेच. किती दिवस झाले त्रासाला विचारलं की बहुतेक जण म्हणतात, "झालं असंल वर्षभर."

वर्षभर थांबतात कशाला? लाज तर आहेच, पण नुसती लाज नाही. कुणाला वाटतं वय झालं, कुणाला वाटतं बेदाण्याला दर नाही म्हणून टेन्शन आहे, ते गेलं की आपोआप होईल, कुणाला मित्राच्या गोळीनं एकदा जमलं मग डॉक्टर कशाला, आणि आपल्याकडचं खास म्हणजे दवाखान्यात काउंटरवर पाहुण्यातलीच पोरगी बसलेली असेल ही भीती. तुमचं कारण कुठलं ते आधी बघा.

ओळखीची भीती असेल तर सरळ मिरजेला जा. तिथं कर्नाटकातनं सुद्धा पेशंट येतात, कोण कशाला आलंय कुणी बघत नाही. काउंटरवर "शुगर-बीपी दाखवायचंय" एवढंच सांगायचं, आणि ते खोटं पण नाही. कारण शुगर-बीपीनं रक्तवाहिन्या खराब होतात, त्यात लिंगाच्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या त्याहून रुंद, आणि ठिबकमध्ये मेन लाईनच्या आधी बारीक नळीच चोंदते तसं इथं आधी कळतं. काही जणांत छातीत दुखायला लागायच्या दोन-तीन वर्षं आधी हाच त्रास सुरू झालेला असतो. शुगर असणाऱ्यांना तर कमी वयात होतो. त्यामुळं सुरुवातीला एमडी फिजिशियन चालतो, गरज पडली तर तोच युरोलॉजिस्टकडं (लघवीच्या आणि पुरुषांच्या त्या भागाच्या डॉक्टरकडं) पाठवतो.

टेन्शनच आहे असं वाटत असेल तर सकाळी उठताना ताठरता येते का ते बघा. तेव्हा व्यवस्थित येते आणि बायकोजवळच फसतं, तर मनाचा भाग जास्त असायची शक्यता. सकाळची पण गेली असेल तर शरीरात काहीतरी आहे. हा घरचा अंदाज झाला, निदान नव्हे, आणि बऱ्याच जणांत दोन्ही एकत्र असतं. एखाद-दुसऱ्यांदा फसलं तर सोडून द्या, पण तीन महिने तेच चाललंय तर जायचंच. शुगर आहे किंवा जिना चढताना छाती भरून येते, तर तीन महिने पण थांबू नका.

आत गेल्यावर बोलायचं काय, इथंच गाडी अडते. मग गुडघेदुखी सांगून माणूस परत येतो. एकच वाक्य पाठ करून जा: "डॉक्टर, तीन-चार महिने झाले, संबंधाच्या वेळी ताठरता येत नाही, आली तर टिकत नाही." पुढचं डॉक्टर विचारतात. चालू गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्यांचे फोटो न्या, कारण बीपीच्या आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी पण असं होतं (म्हणून त्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, डॉक्टर बदलून देतात). तंबाखू-दारू खरी सांगा. तपासण्या साध्याच असतात, शुगर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), कोलेस्टेरॉल, कधी सकाळच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन).

बायकोला सांगा राव. तुम्ही गप्प बसून कूस बदलता आणि तिला वाटतं मी आवडत नाही नाहीतर बाहेर काहीतरी चालू आहे, आणि हे भांडण दुखण्यापेक्षा महाग पडतं.

लॉजवर ठराविक वारी बसणारे, भिंतीवर गुप्तरोग लिहिणारे, यांच्या नादी लागू नका. 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या पुड्यांत सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेच्या गोळीतलंच औषध, मिसळलेलं तपासणीत सापडलेलं आहे, आणि किती मिसळलंय ते खाणाऱ्याला कळत नाही.

चिठ्ठीवर सिल्डेनाफिल आलं तर साधारण तासभर आधी घ्यायचं, मटणावर ताव मारून घेतलं तर उशिरा लागू पडतं, आणि गोळी खाऊन नुसतं पडून राहिलं तर काही होत नाही, इच्छा लागतेच. पहिल्यांदा नाही जमलं म्हणून फेकून देऊ नका, डॉक्टरांना सांगा, डोस बदलतात. ताठरता चार तासांच्या वर राहिली तर रात्र असो की पहाट, कॅज्युअल्टी गाठा.

आणि मी चिठ्ठी का मागतो ते पण ऐका. हृदयाची सॉर्बिट्रेटसारखी गोळी चालू असेल तर ही ताठरतेची गोळी अजिबात चालत नाही, बीपी एकदम खाली येऊन जीवावर बेततं. ताठरतेची गोळी घेतल्यावर छातीत दुखलं तर घरातली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवू नका, आणि दवाखान्यात पोचल्या पोचल्या कुठली गोळी कधी घेतली ते सांगा, सोबत मेहुणा उभा असला तरी.