घरच्या गव्हाच्या ब्रेडमध्ये या चुका टाळा

कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाइस येतात, त्यामुळे कटात बुडवला तरी न विरघळणारा, गव्हाची चव असलेला ब्रेड इथल्या घरात कधी उरत नाही. मैद्याचा चमचाही न घालता तो हाताने छान होतो. मळता मळता चिकट गोळा ताणला जायला लागतो, गुळगुळीत होतो, तो बदल बोटांना कळणं हेच यातलं खरं सुख. तरीही तो विटेसारखा झाला, तर बहुतेक वेळा कारण एकच असतं. आपले हात पोळीच्या कणकेला सरावलेले असतात.

पोळीची कणीक हाताला चिकटली की आपण पीठ भुरभुरतो. ब्रेडला ही सवय मारक आहे. कोंडा पाणी सावकाश शोषतो, म्हणून सुरुवातीला सैल वाटणारं पीठ अर्ध्या तासात आवळतं. 500 ग्रॅम पिठाला 375 ते 400 मिली पाणी लागतं. आधी नुसतं पीठ आणि पाणी कालवून अर्धा तास झाकून ठेवा. तेवढ्यात कोंडा मऊ होतो. कोरडा कोंडा ग्लुटेनचे, म्हणजे पीठ ताणलं जाऊ देणाऱ्या गव्हातल्या प्रथिनाचे, धागे कापतो आणि ब्रेड फुगत नाही. मग 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 10 ग्रॅम मीठ, चमचाभर किसलेला गूळ आणि दोन चमचे तेल घालून बारा-पंधरा मिनिटं चांगलं तिंबा. चिकटलं तर हात ओला करा, पीठ लावू नका. आपला गूळ उत्तम आहे, पण हात आखडूनच घाला. जास्त झाला तर आत शिजायच्या आधी वरचा भाग काळा पडतो.

एक चूक घराबाहेरच होते. गिरणीत आधीचं दळण ज्वारीचं असेल तर तिचं थोडं पीठ आपल्या गव्हात उतरतं. पोळीत ते खपून जातं, पण ज्वारीत ग्लुटेन नसतं. म्हणून दळण ‘गव्हावरच टाका, बारीक दळा’ असं सांगा. गरम पीठ घरी आणल्यावर पूर्ण निवू द्या. खपली गहू पौष्टिक म्हणून सगळा तोच वापरायचा मोह आवरा. त्याचं ग्लुटेन कमकुवत असतं, ब्रेड बसका होतो. पाव भाग खपली, बाकी लोकवन, हे प्रमाण मला पटतं.

पाककृतीत ‘एक तास फुगवा’ लिहिलेलं असतं, ते इथल्या हवेला ठाऊक नसतं. मे महिन्यात पीठ पाऊण तासातच फुगतं, डिसेंबरात दोन तासही लागतात. उन्हाळ्यात माठातलं पाणी वापरा. घड्याळाकडे नको, गोळ्याकडे पाहा. पहिल्यांदा दुपटीच्या थोडं अलीकडे थांबा, मग टिनमध्ये घालून पुन्हा फुगवा. बोटाने हलकं दाबा. खड्डा लगेच भरला तर अजून वेळ आहे, हळूहळू भरला तर भट्टीत जायची वेळ झाली, आणि भरलाच नाही तर उशीर झाला. ओव्हनमध्ये मधोमध खचणारा ब्रेड असाच उशीर झालेला असतो. पण टिनमध्ये घालायच्या आधीच उशीर झालाय असं वाटलं, तर गोळा पुन्हा दाबून, वळून थोडा कमी फुगू द्या. बहुधा वाचतो.

ओटीजी (घरगुती छोटा ओव्हन) 200 अंशांवर नीट तापवून घ्या, 35 ते 40 मिनिटं भाजा. बाहेर काढून तळाशी टकटक करा, पोकळ आवाज आला पाहिजे. आत चिकट राहिला अशी तक्रार येते, तेव्हा बऱ्याचदा ब्रेड गरम असतानाच कापलेला असतो. कापायची घाई करू नका. जाळीवर दोन तास निवू द्या, आतली वाफ तोवर काम करत असते.

पावसाळ्यात इथल्या दमट हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी येते. फ्रिजमध्ये ब्रेड लवकर शिळा होतो, म्हणून स्लाइस करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागतील तसे थेट तव्यावर टाका. बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी तेवढाच भाग कापून बाकीचा खाऊ नका, सगळा टाकून द्या.