दिवाळीच्या किल्ल्याच्या चित्रणाला कार्टूनचे रूप कसे द्यावे

दिवाळीच्या सुट्टीत पुण्यातील वाड्यांच्या अंगणांत आणि सोसायट्यांच्या आवारांत मुले मातीचे किल्ले उभारतात, आणि चिखलाने माखलेल्या त्या हातांचे चित्रण पुढे वर्षानुवर्षे घरातल्या फोनमध्ये पडून राहते. प्लग-इनच्या, म्हणजे संपादनाच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामच्या, साहाय्याने अशा चित्रणाला हाताने रेखाटल्यासारखे रूप देता येते. मात्र माझ्या अनुभवानुसार निकाल प्लग-इनच्या निवडीपेक्षा मूळ चित्रणाच्या स्वच्छतेवर अधिक अवलंबून असतो, म्हणून सुरुवात तेथूनच करावी.

कार्टून इफेक्ट बारीक तपशील पुसून पृष्ठभाग सपाट करतो, रंगांच्या असंख्य छटा मोजक्या छटांत बसवतो आणि जेथे उजेड किंवा रंग एकाएकी बदलतो तेथे काळी रेघ ओढतो. ही रेघ मुलाच्या नाकाची आहे की अंधारात उमटलेल्या रवाळ ठिपक्यांची, हे त्याला कळत नाही. त्यामुळे पणत्यांच्या उजेडात घेतलेल्या चित्रणात ते ठिपके प्रत्येक फ्रेममध्ये (चित्रणातील एकेका स्थिर चित्रात) जागा बदलतात आणि रेघा मुंग्यांसारख्या वळवळू लागतात. यासाठी सकाळच्या उजेडात, फोन स्टँडवर ठेवून चित्रण करावे आणि मुलांना शक्यतो एकरंगी कपडे घालावेत. ट्यूबलाइटखालीच चित्रण करावे लागले, तर आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचा शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ) ठेवावा, म्हणजे उजेडाची लुकलुक टळते. जुन्या अंधाऱ्या क्लिपवर मात्र आधी नॉइज, म्हणजे हेच रवाळ ठिपके, कमी करणारा इफेक्ट लावावा आणि कार्टून त्यानंतर.

आणखी एक गोष्ट मी चुकूनच शिकलो. मेसेजमधून आलेली क्लिप मी थेट वापरली, तेव्हा दाबून लहान केलेल्या त्या फाइलमधील चौकोनी ठोकळ्यांभोवतीही रेघा उमटल्या आणि दोन संध्याकाळींचे काम वाया गेले. तेव्हापासून मी मूळ फाइल केबलनेच संगणकावर घेतो.

खर्च करायचा नसेल तर केडेनलाइव्ह हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यात फ्रायझिरो या मुक्त प्लग-इन संचातील 'कार्टून' इफेक्ट मिळतो. त्यात नियंत्रणे मोजकीच असल्याने प्रत्येक पट्टी हळूहळू सरकवून परिणाम पडद्यावर पाहावा. ॲडोबीचे आफ्टर इफेक्ट्स हे सशुल्क सॉफ्टवेअर असेल तर 'स्टायलाइझ' गटातील 'कार्टून' निवडावा. तेथे सपाटी, रंग आणि रेघ यांवर स्वतंत्र ताबा मिळतो.

किल्ल्याच्या बाबतीत खरी कसोटी मातीची असते, कारण तिचा प्रत्येक खडा रेघ मागतो आणि बुरुजावरचा मावळा त्या काळ्या गर्दीत हरवून जातो. म्हणून आफ्टर इफेक्ट्समध्ये आधी 'डिटेल रेडियस' आणि 'डिटेल थ्रेशोल्ड' वाढवून माती सपाट तपकिरी होऊ द्यावी, पण मुलांचे डोळे पुसट होऊ लागताच थांबावे. त्यानंतर 'शेडिंग स्टेप्स', म्हणजे छटांची संख्या, कमी करावेत, आणि रेघेचा 'थ्रेशोल्ड' सर्वांत शेवटी, अगदी थोडाथोडा बदलावा. पेरलेल्या अळिवाची कोवळी हिरवळ या इफेक्टमध्ये फार सुंदर दिसते, तिच्यासाठी रंगांची गडदता किंचित वाढवावी.

हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये सेकंदाच्या २४ फ्रेमसाठी अनेकदा १२च चित्रे काढतात. हालचालीत तीच लय आणण्यासाठी आफ्टर इफेक्ट्समधील 'पोस्टराइज टाइम' हा इफेक्ट वापरावा, आणि क्लिप ३० फ्रेमची असेल तर त्यात १५ किंवा १० हा आकडा घालावा, कारण ३०ला पूर्ण भाग जाणारा आकडा नसेल तर हालचाल अडखळते. मुलांचा आवाज मात्र जसाच्या तसा राहू द्यावा.

संपूर्ण क्लिप रेंडर करण्यास, म्हणजे इफेक्टसह अंतिम फाइल तयार करण्यास, बराच वेळ लागतो, म्हणून जास्तीत जास्त हालचाल असलेले पाच सेकंद आधी एक्सपोर्ट करून ते घरातल्या टीव्हीवर पाहावेत. फोनच्या लहान पडद्यावर न दिसलेली रेघांची थरथर तेथे लगेच लक्षात येते, आणि तशी ती दिसल्यास रेघेची रुंदी न वाढवता सपाटी वाढवावी.